ओला कापूस

नाना, आपल्या धुळ्याच्या घरात रविवारी सकाळी अर्धी गल्ली टीव्हीपुढे बसायची. त्या दिवशी विज्ञानाच्या कार्यक्रमात नेत्रदान दाखवलं आणि संपल्याबरोबर वाद पेटला. शेजारचे मास्तर म्हणाले, कार्यक्रम उत्तम, पण हे शहरातल्या लोकांसाठी. समोरच्या अक्का तर टीव्हीवरच कडाडल्या, "हाई बठ्ठं थोतांड शे! नाना, डोया दिधात ते पुढला जलमले आंधया व्हशात." पुढच्या जन्मी आंधळं होण्याच्या त्या भीतीला तुम्ही हसलात. जन्मभर घड्याळं दुरुस्त करणारा माणूस तुम्ही, एक डोळा मिटून केसाएवढा काटा बसवणारा. "अहो अक्का, चालू मशीन जाळायचं कशाला?" म्हणालात, आणि उजवा डोळा बारीक करून माझ्याकडे, सुनेकडे, वळलात. "पोरी, तू फोन करशील ना?" मी हो म्हटलं.

तुम्ही गेलात त्या सकाळी मला पाचवा महिना होता. कार्यक्रमात सांगितलं होतं तसा ओला कापूस मी तुमच्या डोळ्यांवर ठेवला. सहा तासांत डॉक्टर यायला हवेत, हेही पाठ होतं. फोन मास्तरांकडे, चार पावलांवर. मी उठले, तर अक्कांनी हात धरला आणि माझ्या पोटाकडे बघत हळूच म्हणाल्या, "नाना तुनाच पोटे जलमले येतीन, माय." संपलंच! डोळे दिले तर माझं लेकरू आंधळं. भ्याले मी, नाना, साफ भ्याले. मी खाली बसते. कापूस घसरतो, तुमचे डोळे उघडे. मी मिटते, पुन्हा कापूस ठेवते. थोड्या वेळानं परत उघडे. बाया म्हणतात, कुणाची तरी वाट बघताहेत. कुणाची, ते मला ठाऊक. भिंतीवर दुरुस्तीला आलेली घड्याळं, प्रत्येकाची वेळ निराळी, तरी सहा तास झालेले मला कळले. मग तुम्हाला नेलं.

मुलगा झाला. नजर अशी तेज की अक्का मिरवायच्या, सांगितलं नव्हतं का! मला मात्र धस्स व्हायचं. चार वर्षांचा असताना बंद टीव्हीच्या काचेपुढे एक डोळा मिटून बसायचा. एकदा म्हणाला, "आई, मागे खुर्चीत कोण बसलंय?" खुर्ची तुमची. मी वळून बघितलं नाही.

काल तो नेत्रदानाचा अर्ज घेऊन आला. नातेवाईक म्हणून माझी सही हवी म्हणे. उजवा डोळा बारीक करून विचारतो, "आई, तू फोन करशील ना?" तेच शब्द, नाना, तोच सूर. मी हो म्हटलं. तुम्हालाही म्हटलंच होतं. सही अजून केलेली नाही. हे सगळं लिहितेय ते त्याच अर्जाच्या मागच्या बाजूला.