दोनशे बासष्ट व्होल्टची तक्रार मागे घेणेबाबत

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
वीजपुरवठा उपविभागीय कार्यालय,
पहिला मजला, तक्रार खिडकीच्या बरोबर वर.

दिनांक : १४, गुरुवार

विषय : वीजदाब २६२ व्होल्ट असल्याची तक्रार अर्जदाराच्या चुकीने झाल्याने ती रद्द करणे, व तिच्यापायी निलंबित झालेल्या वायरमनास सोमवारच्या चौकशीत दोषमुक्त करून कामावर घेणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचेच यापूर्वीचे नऊ अर्ज. (कृपया पुन्हा वाचू नयेत.)

महोदय,

१. अर्जदार घराच्या मागच्या खोलीत जुने रेडिओ दुरुस्त करतो. ही विद्या त्याने कोणत्याही शाळेत घेतलेली नाही. जुनी पुस्तके वाचून आणि शॉक खाऊन मिळवली आहे. अशा माणसाला एक खोड जडते. शिकलेल्यांपेक्षा दशांशचिन्हापुढे दोन आकडे जास्त लिहिले की आपल्याला कोणी अडाणी म्हणणार नाही, असे त्याला वाटते. त्यामुळे गल्लीत त्याला ‘पॉइंटकाका’ म्हणतात. अर्जदाराला हे नाव बरीच वर्षे कौतुकाचे वाटत होते.

२. चार महिन्यांपूर्वी अर्जदाराच्या टेबलावरच्या एका रेडिओत घरघर सुरू झाली. दोष आपल्या दुरुस्तीत असेल, हे त्याच्या मनात येणे शक्यच नव्हते. दोष सरकारी तारांत असणार, म्हणून त्याने वीजदाब मोजायला घेतला. मोजण्याची रीत आपल्या कार्यालयास ठाऊक आहे, कारण अर्जदाराने ती प्रत्येक अर्जात सविस्तर लिहून आपला जीव नकोसा केला आहे. दिवसातून तीन वेळा वाचन. प्रत्येक वाचनाआधी मीटर अर्धा तास चालू ठेवून ‘स्थिर’ करणे. खिडकी बंद, पंखा बंद, खोलीचे तापमान वहीत. एकूण ३६३ वाचने. सुरुवातीला २३२, मग २४०, शेवटी २६२. त्याचा आलेख अर्जदाराने तांबड्या शाईने काढला. शिडीसारखा वर जाणारा तो आलेख पाहून अर्जदाराचे मन भरून येत असे.

३. एकच मीटर खोटे बोलू शकते, एवढी अक्कल अर्जदाराला होती. म्हणून त्याने दुसरेही मीटर घेतले. त्याच दुकानातून, त्याच दिवशी, त्याच डब्यातले. दोन्ही शेजारी ठेवून, दोन्ही अर्धा-अर्धा तास चालू ठेवून वाचन घेतले. दोघांचे आकडे दशांशापर्यंत जुळायचे. एका आईच्या दोन लेकरांना साक्षीला उभे केले तर ती एकच सांगणार, हे न्यायालयातल्या शिपायालाही कळते. अर्जदाराला कळले नाही. मध्यंतरी त्याने टॉर्चचा नवा सेल मोजला, तो दीडच्या जागी १.८१ व्होल्ट भरला. मीटरवर संशय घेण्याऐवजी त्याने दुकानदारास उत्तम माल ठेवल्याबद्दल अभिनंदनाचे पत्र पाठवले. दुकानदाराने ते गल्ल्यामागे चिकटवले आहे.

४. आपला वायरमन दोनदा घरी आला. त्याच्याजवळ सुईचे जुने मीटर होते, कोपरा फुटलेला, दोऱ्याने बांधलेले. सुई दोनशे तीसच्या जराशी पुढे थांबली. तो म्हणाला, “काका, लाईन ठणठणीत आहे. घरघर तुमच्या रेडिओच्या पोटात आहे, कपॅसिटर बदला.” रेडिओच्या टेबलाशी उभे राहून अर्जदाराला रेडिओ शिकवणारा माणूस त्या क्षणी अर्जदाराचा वैरी झाला. नवव्या अर्जात त्याने लिहिले : ‘सदर कर्मचारी सदोष उपकरण बाळगून ग्राहकांची दिशाभूल करतो.’ हे वाक्य जमले म्हणून त्याने घरात दोनदा मोठ्याने वाचून दाखवले होते. आपण त्या एका वाक्यावर वायरमनला निलंबित केले, आणि त्याचे मीटर सील करून कपाटात ठेवले.

५. गेल्या शुक्रवारी अर्जदाराच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे अक्काने, ओल्या फडक्याने टेबल पुसले. परवानगी न घेता पुसले, हे नमूद करावे लागते. त्यात मीटरवरचे लेबल निघाले. हे लेबल अर्जदाराने पहिल्याच दिवशी स्वहस्ते लावले होते : ‘तपासले. अचूक आहे.’ दोन्ही मीटरांवर, पडद्याच्या डाव्या कोपऱ्यावर, ओळंब्यात. अक्का म्हणाली, “हे बॅटरीचं चित्र कसलं लुकलुकतंय? तुझं यंत्र उपाशी आहे की काय रे?”

साहेब, यंत्र उपाशीच होते. आतली बॅटरी उतरू लागली की या जातीचे मीटर कमी दाखवत नाही, जास्त दाखवते. आणि बॅटरी कशाने उतरली, तर अर्जदाराने काळजीपूर्वक अर्धा-अर्धा तास चालू ठेवल्याने. आलेख वर चढत होता तो विजेचा नव्हता, मरणाऱ्या बॅटरीचा होता. निष्काळजी माणसाच्या हातून ही चूक झाली नसती. त्याने मीटर लावले असते, आकडा पाहिला असता आणि बंद केले असते.

नवी बॅटरी घातली. वाचन : २३१. मग कपॅसिटर बदलला. घरघर गेली.

६. अर्जदार शनिवारी आपल्या कार्यालयात धावत आला. लिपिक बाईंनी सांगितले की तक्रार मागे घेता येत नाही, कारण २६२ ची वाचने ढीगभर आहेत आणि २३१ चे एकच. बहुमत २६२ च्या बाजूने आहे. शिवाय अर्जदारास चौकशीत वायरमनच्या विरुद्ध ‘तांत्रिक साक्षीदार’ नेमले आहे. मागच्या भिंतीवर अर्जदाराचा तांबडा आलेख काचेत लावलेला दिसला. त्याखालच्या परिपत्रकानुसार अर्जदाराची पद्धत सर्वत्र लागू झाली असून, कार्यालयाच्या बेचाळीस नव्या मीटरांवर डाव्या कोपऱ्यात ‘तपासले’ असे लेबल लावले गेले आहे.

इथे अर्जदार स्पष्ट बोलतो, राग मानू नये. अर्जदार मूर्ख आहे, हे त्याने वर पाच परिच्छेदांत सिद्ध केले. पण आपल्याकडे पदव्या आहेत. एका माणसाची भाकरी काढून घेण्याआधी जिना उतरून, गल्लीत येऊन, स्वतः एकदा वीज मोजायला आपल्याला किती वेळ लागला असता? कागद नीटनेटका दिसला की तो खरा, ही अर्जदाराची खोड आपल्यालाही आहे. फरक इतकाच की अर्जदाराच्या सहीने कोणी निलंबित होत नाही.

७. रविवारी अर्जदार वायरमनच्या घरी गेला. तो शेजाऱ्याची इस्त्री उघडून बसला होता. त्याने बसायला दिले, चहा दिला. शिवी दिली असती तर बरे वाटले असते. अर्जदाराने लेखी माफीनामा पुढे केला, तो त्याने घेतला नाही. म्हणाला, “कागद नको काका. कागदानंच घरी बसवलं मला.” मग म्हणाला, “तुम्ही प्रत्येक आकडा तीन-तीनदा बघता. मी सांगितलं ते एकदा तरी बघायचं होतं.” अर्जदाराने माफीनाम्याची घडी घालून तो खिशात ठेवला. निघताना वायरमनची बायको दारात म्हणाली, “माफी राहू द्या. हजेरीपुस्तकात यांचं नाव येईल का, तेवढं सांगा.”

८. तरी विनंती की :

(अ) सोमवारी कपाटातले सुईचे मीटर सील तोडून बाहेर काढावे व सर्वांसमक्ष भिंतीच्या प्लगला लावावे. शेजारी अर्जदाराचे मीटर, नवी बॅटरी घालून, लावावे. दोन मिनिटांचे काम आहे. अर्धा तास थांबू नये.

(ब) बेचाळीस लेबले आजच काढावीत. अक्का येऊन काढायला तयार आहे, फडके तिचे.

(क) नोंदवलेला आरोप कोणावर तरी ठेवावाच लागतो, असे लिपिक बाई म्हणाल्या. तसा नियम असेल तर ‘सदोष उपकरण बाळगणे व दिशाभूल करणे’ हे वाक्य जसेच्या तसे राहू द्यावे. फक्त वायरमनचे नाव खोडून तिथे अर्जदाराचे घालावे. वाक्य अर्जदाराचेच आहे, आणि शब्दन्‌शब्द खरे आहे.

(ड) त्याच दिवशी हजेरीपुस्तकात वायरमनचे नाव लिहावे. अर्जदार सकाळी दहापासून जिन्यात उभा राहील. नाव लिहिलेले डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो हलणार नाही. कारण वायरमनच्या बायकोला त्याने ‘येईल’ असे सांगून टाकले आहे, आणि हा आकडा तरी चुकून चालणार नाही.

आपला चुकलेला व आता न हटणारा,
(सही)
अर्जदार, उर्फ पॉइंटकाका

सोबत :
१. उतरलेल्या बॅटऱ्या, दोन.
२. वाचनांची मूळ वही. सर्व ३६३ वाचने अर्जदाराने स्वतः खोडली आहेत, पट्टी न वापरता.