दहापैकी किती दुखतंय?

ती. आत्यास,

पोट मध्ये येत असल्यामुळे वाकून नव्हे, उभ्यानेच, पण अगदी मनापासून नमस्कार. (साष्टांगच घालणार होते, पण घातल्यावर मला उठवायला दोन माणसं लागतात. घरात सध्या एकच आहे आणि त्याचाही भरवसा नाही, ते पुढे येईलच.) आम्ही दोघं, म्हणजे आता अडीच, मजेत आहोत. तू कशी आहेस? गुडघे कुरकुर करतात का? आणि उजव्या मनगटावरचं ते कुत्रं चावलेलं थंडीत अजून ठणकतं का? त्या अर्धचंद्रासारख्या वणाची मला लहानपणी इतकी धास्ती होती, की शाळेच्या वाटेवर शेपूट दिसलं की मी दोन गल्ल्यांचा वळसा घालून जायची. पहिलीच्या वर्गात माझ्या प्रगतिपुस्तकावर ‘हुशार, पण उशिरा येते’ असा शेरा होता, तो खरं म्हणजे त्या कुत्र्याच्या नावावर पडायला हवा होता. फोनच केला असता, पण फोनवर तू ऐकत नाहीस, फक्त बोलतेस. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

पत्रास कारण असं, की मला एक फॉर्म भरायचा आहे. हॉस्पिटलचा आहे, पाठपोट छापलेला, आणि येत्या शुक्रवारी द्यायचा आहे. वय, वजन, रक्तगट इथपर्यंत मी पेनचं टोपणसुद्धा न चावता भरला. पुढे एक ओळ आहे, ‘प्रसूतीच्या वेळी वेदना कमी करणारं इंजेक्शन हवं / नको.’ समोर दोन चौकोन, नखाएवढे. हे इंजेक्शन पाठीत देतात, भूलतज्ज्ञ येऊन देतो, आणि त्यानंतर म्हणे बाई गप्पा मारत बाळंत होते. घ्यावं तरी पंचाईत, न घ्यावं तरी पंचाईत. त्या दोन चौकोनांनी तीन आठवडे आमच्या तोंडचं पाणी पळवलं आहे.

माझं काम तुला माहीत आहे. बारा वर्षं मी दुकानांत, गोदामांत, दवाखान्यांत जाऊन वजनकाटे तपासते. पिशवीत प्रमाण वजनं, बारकी वजनं उचलायला चिमटा, एक वही आणि एक शिक्का. काटा खरा निघाला तर शिक्का, खोटा निघाला तर दुकानदाराचं तोंड बघवत नाही. अशा बाईला हॉस्पिटलातल्या नर्सने भिंतीवरचा तक्ता दाखवला. शून्य ते दहा, शून्यापाशी हसरा चेहरा, दहापाशी रडका. म्हणाली, त्या वेळी आम्ही विचारू दहापैकी किती दुखतंय, तुम्ही आकडा सांगायचा. मी विचारलं, दहा म्हणजे नेमकं किती? तर म्हणे, तुम्हाला कल्पना करता येईल तेवढं जास्तीत जास्त. मी म्हटलं, म्हणजे जिची कल्पनाशक्ती दांडगी तिचा आकडा कमी येणार, आणि जिला काही सुचतच नाही ती दारातच दहा सांगून मोकळी होणार. या तक्त्याची शेवटची तपासणी कधी झाली होती? नर्सने चष्मा काढून सावकाश पुसला आणि माझ्या फाइलवर काहीतरी लिहिलं. (मला उलटी अक्षरं वाचता येतात, दुकानदारांच्या वह्या समोरून वाचून वाचून सवय झाली आहे. ‘बोलकी’ असं लिहिलं होतं.)

घरी येऊन मी माझा स्वतःचा तक्ता करायला बसले. पलंगाच्या पायाला करंगळी आपटणं, तीन. अक्कलदाढ, साडेपाच. दोन वर्षांपूर्वी एका गोदामात वीस किलोचं वजन माझ्या पायावर पडलं होतं, त्याला मी सात देणार होते. आमच्या ऑफिसात ती गोष्ट अजून सांगतात, की बाई फक्त ‘अरे’ म्हणाल्या, आकडा वहीत लिहिला आणि मगच खाली बसल्या. तेव्हापासून ऑफिसात सगळ्यांचं ठाम मत आहे, की मला कसलं इंजेक्शन नि काय, मी जेवणाच्या सुट्टीत बाळंत होऊन परत येईन. पण नवऱ्याने तक्ता वाचला आणि शांतपणे विचारलं, की यात लाकडाची सळ कुठे आहे? ही सळ म्हणजे गेल्या वर्षी माझ्या अंगठ्यात गेलेली केसाएवढी काडी. ती काढताना मी एवढा गोंधळ घातला, की वरच्या मजल्यावरचे निवृत्त काका शिडी घेऊन आले. (शिडी कशाला, ते त्यांनाही सांगता आलं नाही.) खरं सांगते आत्या, वजन पडलं तेव्हा आठ माणसं बघत होती आणि सळ गेली तेव्हा फक्त नवरा. माझा धीर लोकांसमोरच काम करतो, हे मला त्या तक्त्याने शिकवलं. मी तो फाडून टाकला.

मग सल्ले. सासूबाई म्हणाल्या, इंजेक्शन मिळत असेल तर घे, दोन मिळत असतील तर दोन घे, आणि एखादं उरलं तर मला गुडघ्यासाठी आण. खालच्या मजल्यावरची शिंपीण म्हणाली, तिने तिन्ही वेळा घेतलं नाही, कारण विचारायला कुणी आलंच नाही. शेवटी ज्याचं जळतं त्याला कळतं, हे प्रत्येकीने वर सांगितलं आणि तरी तासभर सल्ला दिला.

हॉस्पिटलात गरोदर बायकांचा वर्ग असतो, तिथे आम्ही दोघं जातो. आमचा हा गाडी चालवायला शिकवतो हे तुला ठाऊक आहेच. अकरा वर्षं तो शिकणाऱ्याच्या शेजारी बसतो आहे, पायाखाली त्याचा वेगळा ब्रेक. वर्गात प्रत्येकीच्या हातात बर्फाचा खडा देतात आणि मिनिटभर धरून श्वासावर लक्ष ठेवायला सांगतात, कळ आल्यावर असंच करायचं म्हणून. जोडीदाराने शेजारी बसून धीर द्यायचा. इतर नवरे ‘छान, छान’ म्हणत होते. हा म्हणत होता, हळू, घाई नको, आरशात बघ, क्लच सावकाश सोड. आणि माझा चेहरा जरा वाकडा झाला की त्याचा उजवा पाय फरशीवर दाबला जायचा. पुढच्या वेळी त्याच्याही हातात खडा दिला. विसाव्या सेकंदाला त्याने तो माझ्या ओंजळीत ठेवला आणि म्हणाला, तुझ्याकडे आहेच, त्यात हाही.

आता गेल्या रविवारची गोष्ट. सकाळी नाश्त्याच्या वेळी माझ्या पोटात कळ आली. मग दुसरी. मग तिसरी, घड्याळ लावून यावी तशी. तारखेला अजून तीन आठवडे बाकी होते, पण हिशेब करायला वेळ कुणाला. त्याने पिशवी उचलली, मी पोट उचललं आणि आम्ही खाली धावलो. गाडीत तो सवयीने त्याच्या जागेवर जाऊन बसला, म्हणजे शिकवणाऱ्याच्या. मी उरलेल्या जागेवर बसले. दार लावलं, पट्टा लावला, आणि तो म्हणाला, चल. मी निघाले! नऊ महिन्यांचं पोट स्टिअरिंगला टेकलेलं, छतावर शिकाऊ वाहनाची पाटी, आणि हा शेजारून सांगतोय, सिग्नल दे, उजवीकडची सायकल बघ, कळ आली तर मला सांग, ब्रेक मी दाबतो. दुसऱ्या चौकात आमच्या लक्षात आलं, की काहीतरी चुकतंय. पण थांबून जागा बदलायची तर मला त्या खुर्चीतून उपसून काढावं लागलं असतं, म्हणून तशीच पुढे गेले. हॉस्पिटलच्या दारात तीच नर्स चाकांची खुर्ची घेऊन धावत आली आणि तिने ती सरळ त्याच्यापुढे नेली. तिचीही चूक नाही. मी गाडी नीट रेघेत लावून उतरले होते आणि तो पांढराफटक पडून दाराला धरून उभा होता. तो बसलासुद्धा! मी पिशवी घेऊन मागून चालत गेले.

आत तिने विचारलं, दहापैकी किती? मी पुष्कळ विचार करून चार सांगितलं. ती म्हणाली, गाडी चालवत आलात ना, मग दोन. आणि तासाभरात कळा थांबल्या. या सरावाच्या कळा असतात म्हणे, शरीर तालीम करतं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून मी हसायला हवं होतं, पण मला रडू आलं. दोनच? दोनला मी पोट उचलून धावत सुटले, आत्या. मग दहाला काय होणार?

आणि इथेच मला आई आठवते. मी जन्मले तेव्हा आईने हूं की चूं केलं नाही, हे मी जन्मल्यापासून ऐकते आहे. दात दुखला, ‘तुझ्या वेळी मी हूं की चूं केलं नाही.’ गुडघा फुटला, गणितात नापास झाले, पहिल्या नोकरीत साहेब ओरडले, प्रत्येक वेळी तेच. शेजारच्या खाटेवरचं तान्हं बाळसुद्धा जागं झालं नाही म्हणे. निवृत्त होईपर्यंत सदतीस वर्षं तिने शाळेत मुलांच्या वह्या तपासल्या. तिच्या लाल पेनाखालून चूक सुटत नाही, तर तिच्या तोंडून चुकीची गोष्ट कशी निघेल? अशा बाईची मी एकुलती एक मुलगी. मी पाठ पुढे करून ‘टोचा’ म्हणायचं, म्हणजे तिच्या मुठीतून पडलेलं नाणंच खोटं निघाल्यासारखं.

तेव्हा सगळा विचार करून मी ठरवलं आहे, की इंजेक्शन नको. ही दगडावरची रेघ. ऑफिसात सांगितलं, सासूबाईंना सांगितलं, वरच्या काकांनाही सांगितलं. (त्यांनी विचारलं, शिडी लागेल का.) आता मन हलकं झालं आहे. तुझ्या गुडघ्यांना माझा वेगळा नमस्कार, आणि तुला पोटातून आणि आम्हा दोघांकडून भरपूर प्रेम.

तुझी भाची,
वजनमापवाली

ता. क. : रेघ दगडावर आहे, फॉर्मवर नाही. फॉर्म अजून पर्समध्ये आहे आणि दोन्ही चौकोन कोरे आहेत. खरी गोष्ट अशी, की एवढं सगळं पत्र मी एकच प्रश्न विचारायला लिहिलं. त्या दिवशी त्या खोलीत आईजवळ फक्त तू होतीस. आईने खरंच हूं की चूं केलं नव्हतं का? मला फार भीती वाटते आहे, आत्या. खरं काय ते लिही, लवकर लिही.

ता. क. दुसरा : पत्र पेटीत टाकायला आईकडे दिलं, ही माझी चूक. पाकीट चिकटवलेलं नव्हतं आणि आईच्या हाती लाल पेन होतं. दोन दिवसांनी तीच ते परत घेऊन आली. पानांवरच्या लाल खुणा तुलाही दिसतीलच. प्रत्येक कंसाशेजारी ‘विषयांतर’ असं लिहिलं आहे. पहिल्या पानावर कुत्र्याखाली रेघ मारून नुसतं ‘नव्हतं’ एवढंच आहे, ते मला कळेना. मग हूं की चूंचं पान उघडलं. तिथे समासात, तिच्या त्या फळ्यावरच्या अक्षरात, हे आहे:

‘हे खरं नाही. वन्संना विचारू नकोस, त्या खोटं सांगतील, मीच तसं सांगायला लावलं आहे. मी ओरडले. इतकी ओरडले की तुझे बाबा जिना चढून वर आले आणि तसेच खाली गेले. इंजेक्शन तेव्हा नव्हतं, असतं तर हिसकावून घेतलं असतं. शेवटी वन्संनी मला धरायला हात दिला, मी त्याला चावले. तू पाच वर्षांची असताना सुईच्या भीतीने पलंगाखाली शिरलीस आणि निघेनास. तेव्हा ही गोष्ट सांगितली. तू निघालीस. मग ती परत घेता आली नाही.’

खाली शेरा आहे, ‘धीर : दहापैकी सहा. पुरेसा आहे.’ मी पत्र घेऊन स्वयंपाकघरात गेले. ती मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “लिहिलंय ना? परत तोंडी घेऊ नकोस.” मग मी तिच्या गळ्यात पडून रडले आणि तीही रडली, आणि मटार सगळीकडे सांडले. इतकं छान मला गेल्या नऊ महिन्यांत वाटलं नव्हतं.

ता. क. तिसरा आणि शेवटचा : आज शुक्रवार, फॉर्म दिला. बारा वर्षांत मी काट्यावर वजन ठेवायच्या आधी वहीत कधी आकडा लिहिला नाही. लिहिला असता तर नोकरी गेली असती. आणि इथे तीन आठवडे मी तेच करत होते. म्हणून दोन्ही चौकोन सोडून मधल्या जागेत लिहिलं, ‘वजन ठेवल्यावर सांगेन.’ नर्सने वाचलं आणि म्हणाली, “चालेल. फक्त फार उशीर करू नका, भूलतज्ज्ञाला यायला वेळ लागतो. मत बदलायला फॉर्म लागत नाही, तोंड लागतं. ते तुमच्याकडे आहे.” पहिल्यांदाच मला ती हसताना दिसली.

तेव्हा पुढच्या आठवड्यातच ये. तारखेची वाट बघू नकोस. आजवर मी ज्या ज्या कुत्र्याला वळसा घातला त्या सगळ्यांची मनातल्या मनात माफी मागितली आहे. आणि तू चौतीस वर्षं त्या बिचाऱ्या कुत्र्यावर ढकललंस, पण आईचं नाव घेतलं नाहीस, त्याबद्दल काय लिहावं ते मला कळत नाही. आल्यावर सांगेन. सध्या एवढंच, की उजवा हात आईचा झाला. डावा माझ्यासाठी ठेव.