पाठ केलेली उत्तरं

तीर्थरूप आईच्या पायांना इथूनच हात लावते.

मी ठणठणीत आहे. खोली हवेशीर आहे, डबाही बरा मिळतो. काळजी करू नकोस.

माझं काम तुला सांगितलं होतंच. संस्थेनं चिठ्ठ्या टाकून निम्म्या गरीब बायकांना कोंबड्या दिल्या, निम्म्यांना काहीच नाही. कोंबड्यांमुळे काय फरक पडला, ते दरवर्षी दोन्हीकडच्या बायकांना विचारत मी फिरते.

गेल्या महिन्यात चटया विणणाऱ्या एका बाईकडे गेले. तिला काहीच मिळालेलं नव्हतं. तरी ती घडाघडा बोलली, "दोन्ही वेळ पोटभर जेवतो. पोरं रोज अंडी खातात." चूल थंडगार होती गं! मी उठले तशी हळूच म्हणाली, "ताई, यंदा पास ना मी? मागं उत्तरं चुकली, म्हणून कोंबड्या मिळाल्या नाहीत. यंदा कोंबड्या मिळालेल्या शेजारणीकडून पाठ करून घेतली."

साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "ती बोलली तेच लिहायचं." मी लिहिलं.

नंतर कळलं, अख्ख्या वस्तीनं तीच उत्तरं पाठ केली होती. अहवाल आला, कोंबड्या मिळालेल्या आणि न मिळालेल्या बायकांत काहीच फरक नाही. योजना बंद. कुणालाच कोंबड्या मिळणार नाहीत आता. माझ्याच अक्षरातले कागद आहेत ते.

तू लिहितेस, गुडघा बरा आहे, वेळेवर जेवते. आई, माझ्यापुढे तरी पास होऊ नकोस. खरं सांग, जिना चढवतो का तुला?

आणि वर मी ठणठणीत लिहिलंय ना, तेही पाठच केलेलं आहे.

तुझी,
धाकटी