सहा ते दोन

१ मार्च, सोमवार.
आजपासून रोजनिशी, कारण आजपासून आयुष्याला वळण! आमच्या खोक्यांच्या कारखान्यात नव्या मॅडमनी फॉर्म वाटले. दहा ते सहाची सक्ती संपली. सकाळी सहा ते संध्याकाळी सात, यांतले कुठलेही सलग आठ तास ज्याने त्याने निवडायचे. बाकीचे डोकं खाजवत बसले. मी दोन मिनिटांत लिहून मोकळा झालो: सहा ते दोन.

डिस्पॅचचे प्रमुख महिनाअखेर रिटायर होताहेत. त्या खुर्चीवर माझा चौदा वर्षांचा हक्क आहे, पण हक्कालाही थोडा धक्का द्यावा लागतो. सगळ्यांच्या आधी येणारा माणूस मॅडमच्या नजरेत भरणारच.

दोननंतर: पोहणे. इंग्रजी सुधारणे. बायकोला मदत (जमल्यास).

संध्याकाळी बायकोने फॉर्मची कॉपी वाचली. खाली बारीक अक्षरांत आहे म्हणे की, त्या वेळेत जे काम असेल ते करायला माझी संमती आहे आणि वर्षभर बदल नाही. "अहो, सही करण्याआधी वाचलंत तरी का?" असं विचारत होती. तिला ऑफिसची भाषा कळत नाही.

२ मार्च.
गजर पाचला. पुन्हा पाच दहाला. पाच वीसला बायकोने पांघरूण ओढलं. सहा वीसला पोचलो. कारखान्यात मी आणि वॉचमनकाका, बस्स. मॅडम दहाला येतात असं कळलं. हरकत नाही. दहा ते दोन मी त्यांच्या समोरच असेन.

४ मार्च.
माल नऊनंतर पॅक होतो, त्यामुळे ट्रकबरोबर जाणारं चलन लिहायचं माझं काम नऊपर्यंत सुरूच होत नाही. विचार करायला उत्तम वेळ. विचार करता करता डोळा लागला. वॉचमनकाकांनी उठवून चहा दिला. देवमाणूस.

८ मार्च, सोमवार.
फॉर्म वॉचमनलाही आहे! काकांनी दहा ते सहा मागितले. एकवीस वर्षं पहाटे उठतोय, आता नातीला शाळेत सोडायचंय, असं म्हणाले. मला भरून आलं. मी मॅडमपुढे त्यांची जोरदार शिफारस केली. मॅडमनी विचारलं, मग सकाळी गेट कोण उघडणार? कोणी तोंड उघडायच्या आत मी हात वर केला.

किल्ल्यांचा अख्खा जुडगा माझ्याकडे आला! कंपनी असा जुडगा कोणाच्याही हातात देते का? घरी हेच विचारलं. बायको म्हणाली, "वॉचमनच्या देते की." काही माणसांना दुसऱ्याचं बरं बघवत नाही.

१२ मार्च.
आज: गेट उघडलं. पाण्याची मोटर लावली. दोन कुत्री हुसकावली (एक परत आलं). ट्रकचे नंबर वहीत उतरवले. हे सगळं प्रशासनात मोडतं. प्रमुखाला तळापासून सगळं यायला हवं.

पोहणं सुरू नाही. दोनला घरी आलो की जेवण, जेवलो की झोप. इंग्रजीचं पुस्तक उशाशी आहे, म्हणजे सुरुवात झाली.

१५ मार्च.
दोननंतर माझी चलनं कोण लिहिणार, हा प्रश्न निघाला. दिवसा गेट उघडंच असतं आणि काका बसूनच असतात. म्हटलं, मी शिकवतो. मॅडमना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं शिकवलं. काका दोन तासांत शिकले! वर एका चलनात चाळीस खोकी जास्त लिहिली आहेत, हेही त्यांनी पकडलं (माझ्याच हातचं चलन, पण ते असो). कुठल्या ट्रकमध्ये किती खोकी मावतात, हे त्यांना बघूनच कळतं. गुरू चांगला लागतो.

मॅडम बराच वेळ थांबून बघत होत्या. माझ्याकडेच.

१९ मार्च.
काकांना लिहायला जागा हवी म्हणून माझं टेबल दिलं. मला गेटजवळची केबिन मिळाली. चौदा वर्षांत पहिल्यांदा केबिन! खिडकी तिन्ही बाजूंना. आत एकच माणूस मावतो, म्हणजे पूर्ण स्वतंत्र. बायकोला सांगितलं. ती भाकऱ्या थापत राहिली. हा हेवा.

२४ मार्च.
मॅडम स्वतः केबिनपाशी आल्या. म्हणाल्या, ही जबाबदारी इतक्या मनापासून आजवर कोणी घेतली नव्हती. ३१ला चार वाजता मीटिंग आहे, नव्या नेमणुका जाहीर होतील, तुम्हीही या.

भाषण लिहायला घेतलं. सुरुवात नम्र ठेवली आहे. बायको म्हणाली, "इतक्यात हुरळून जाऊ नका." पण पांढऱ्या शर्टाला इस्त्री तिनेच केली. दोनदा.

३१ मार्च, बुधवार. दुपारी ३.
अंघोळ पुन्हा केली. भाषण खिशात. निघतो.

संध्याकाळी ६.
डिस्पॅचचे नवे प्रमुख: वॉचमनकाका.

टाळ्या मीही वाजवल्या. काकांनी सगळ्यांसमोर वाकून माझे पाय धरायचा प्रयत्न केला, म्हणाले, मला लिहायला यांनीच शिकवलं. मी त्यांना वरच्या वर उठवलं. मग मॅडमनी मला एक खोकं दिलं, आमच्याच कारखान्यातलं. आत निळा शर्ट, निळी पँट, टोपी, शिट्टी. पद: सुरक्षा, सकाळपाळी. पगार तोच. वर्षभर बदल नाही.

वाईट वाटलं. रस्ताभर वाटत होतं. कोणाला सांगायचं नाही, पण इथे लिहितो.

घरी बायको दारातच उभी होती. खोकं बघून तिचा चेहरा असा फुलला की मी ते तसंच तिच्या हातात दिलं. पंधरवड्यापूर्वी ऑफिसातून फोन आला होता म्हणे, साहेबांच्या शर्टाचं माप हवंय. हिने छाती, खांदे, बाही, सगळं इंचांत सांगितलं. प्रमुखाचा कोट शिवताहेत असं समजून पंधरा दिवस मला वरवर टोमणे मारले आणि स्वतःच्या बहिणीला मात्र सांगून ठेवलं, आमचे हे साहेब होणार.

तिने खोकं उघडलं. टोपी आणि शिट्टी बाजूला ठेवली, शर्ट झटकला. मग म्हणाली, "घालून तर बघा." घातला. तिने कॉलर सरळ केली, डोळे पुसले आणि म्हणाली, "माप मात्र मी अचूक सांगितलं हो."

खरंच, कुठेही ओढत नाही. बहिणीला काय सांगायचं ते उद्या ठरवू. दोननंतर.