पाळण्यासारखी ‘तिहा’

प्रिय नेरा,

सगळं बदललं ते तू ‘तिहा’च्या डेकवर म्हणालीस तेव्हा, “बाबा, किती संथ डुलते ही, अगदी पाळणा.” नव्या जहाजाला डुलवून घ्यायची आपली रीत, घंटेसरशी सगळे पाहुणे या काठाहून त्या काठाला धावले होते, तू तुझ्या नवऱ्याचा, व्हिन्कोचा हात धरून. अ‍ॅडमिरलसाहेबांनी तुझ्याच पाळण्याच्या नावानं प्याला उंचावला. तुझे बाबा मात्र हसले नाहीत. जहाज त्यांनीच आखलेलं, आणि जहाजबांधणीच्या कॉलेजात मला शिकवलेलंही त्यांनीच: क्रूझर, म्हणजे असं लढाऊ जहाज, कललं की झटक्यात सरळ व्हायला हवं, जे रेंगाळत सरळ होतं, ते एखादे दिवशी होतच नाही.

‘सावोरा’ आणि ‘द्रेना’, त्याच नकाशावरून आधी बांधलेल्या तिच्या थोरल्या बहिणी, धडधाकट आहेत. धाकट्या ‘तिहा’च्या डोक्यावर अ‍ॅडमिरलसाहेबांनी जास्तीच्या तोफा चढवल्या, वर विमानही. मी तिथेच डेकवर बोललो, ही उलटेल म्हणून. ओरडलो म्हण. कॉलेजनं माफी मागायला सांगितलं, मी वह्या टाकून बाहेर पडलो. लोक म्हणाले, पोरगी दुसऱ्याची झाली म्हणून तोमोचं डोकं फिरलंय. तेही अगदीच खोटं नव्हतं गं.

तुझ्या बाबांकडे गेलो. म्हणाले, “मला दिसलं नाही असं वाटतं तुला? पण नकाशावर सही माझी आहे.” उपाय त्यांनीच सांगितला. तळाच्या टाक्यांतलं तेल जळत जाईल तसं त्यांत समुद्राचं पाणी भरायचं, म्हणजे ती तोल धरते. पण पाण्यानं उरलेलं तेल नासतं, म्हणून आपले इंजिनवाले कधी भरत नाहीत. व्हिन्को ‘तिहा’वरच नेमलेला, त्याला म्हटलं, या फेरीला आजारी पड. तो हसला. “आधी माझी बायको हवी होती, आता माझी जागाही?” पूर्वी मी त्याला मारलं असतं. आता रागसुद्धा येत नाही. थकलोय.

‘तिहा’ आज दुपारी हिवाळी फेरीला निघते. बॉयलरखान्यात कामगार म्हणून मी नाव घातलंय. टाक्यांच्या झडपा तिथंच आहेत. वादळ उठलं की पाणी मी भरीन, मग तेल नासो नाहीतर मला कोठडीत टाकोत. हे लिहितोय ते एवढ्यासाठी, की मी तिच्यावर आहे हे कळलं की तू म्हणशील, तोमो जीव द्यायला गेला. तसं नाही. मी व्हिन्कोला घरी आणायला चाललोय. त्याला सांगू नकोस.

पिशवी खांद्यावर घेतली. आता खोलीचं दार ओढून निघतो.

तरीही तुझाच,
तोमो