उष्टी वाफ

अण्णा, आपल्या सायझिंगात आता लाईट तयार होते. आधी ही बातमी, मग बाकीचं. कालपासून कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालंय. उंब्रजला ताईला फोन केला तर ती म्हणाली, "अगं बाई, किती येळा सांगशील, पाठ झालं मला." मग म्हटलं, तुम्हालाच लिहावं. तुम्ही होता तेव्हा माझं एक वाक्य कधी पुरं होऊ दिलं नाहीत. आता ऐका गुमान.

तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. कराडच्या डिप्लोमाला सुट्टी लागलीय आणि मी विट्याला घरी आलेय. शेडमध्ये यंत्र चालू आहे, मागावर चढायच्या आधी सुताचा ताणा खळीच्या हौदात बुडून वर येतोय, तापलेल्या सिलिंडरांवरून वाळत जाऊन पुढच्या बीमवर गुंडाळला जातोय. आणि लाईट जाते. यंत्र, पाण्याचा पंप, बॉयलरचा पंखा, सगळं एकदम गप्प. तुम्ही "रोलर उचला" म्हणून ओरडता आणि सगळे जिवाच्या आकांताने धावतात, कारण खळीत भिजलेलं सूत तापल्या सिलिंडरला टेकून राहिलं की करपलंच, आणि करपलेला ताणा कुठला मागवाला घेईल? डिझेलचं जनरेटर खोकत खोकत सुरू होईपर्यंत व्हायचं ते होऊन जातं. त्या दिवशीही झालं. नंतर लाईट आली तेव्हा मी मोठ्या हुशारीने पुढे झाले आणि वाफेचा व्हॉल्व्ह एका झटक्यात उघडला. नळी अशी दणाणली की खळ ढवळणारा माणूस बाहेर पळाला. तुम्ही सगळ्यांदेखत मला झाडलंत. "वाफंला धक्का द्यायचा नसतू. आधी नळी तापू दी. ह्यासाठी शिकायला धाडलंय व्हय तुला?" मी दुपारी जेवले नाही. आई दोनदा हाक मारून गेली, तुम्ही एकदाही नाही.

संध्याकाळी मात्र तुम्ही मला बॉयलरच्या मागे घेऊन गेलात. समजूत काढणं तुम्हाला कधी जमलंच नाही, त्याऐवजी तुम्ही यंत्र दाखवायचात. तिथे तो फुसफुसणारा व्हॉल्व्ह होता, प्रेशर उतरवायचा. त्याच्याकडे बोट करून म्हणालात, "बॉयलरातनं ती माजल्या बैलावानी येती. तशीच सोडली तर सिलिंडर फाडंल. म्हणून हितं तिला गरीब करायची, मग म्होरं सोडायची." मी रुसलेलीच होते, तरी विचारलं, "मग तिचा माज जातो कुठं?" तुम्ही खांदे उडवलेत. "जातू फुकट."

अण्णा, तो "फुकट" माझ्या डोक्यातून गेला नाही. साताऱ्याच्या एमआयडीसीत नोकरी केली तेव्हाही नाही आणि तुमच्यामागे सायझिंग चालवायला परत आले तेव्हा तर मुळीच नाही. बाहेरून येणारी लाईट आपल्याला रडवते आणि इकडे आपण रोज वाफेची ताकद स्वतःच्या हाताने मारून टाकतो, हे मला सहन होईना. तर आता त्या व्हॉल्व्हच्या जागी एक छोटी टर्बाइन बसवलीय. वाफ आधी तिचं चाक फिरवते, चाक लाईट तयार करतं, आणि गरीब होऊन बाहेर पडलेली तीच वाफ सिलिंडर तापवायला जाते. जाळ एक आणि कामं दोन. बॉयलरला जाळायला भुसा जरा जास्त लागतो, खोटं कशाला बोलू, पण तो कुंडलकडून हवा तेवढा येतो. टर्बाइनची लाईट आणि बाहेरची लाईट एरवी मिळून यंत्राचा भार ओढतात. बाहेरची गेली की आपलीने एकटीने सगळं पेलायचं. कागदावर पेलत होती. पंपाचं आणि पंख्याचं ओझं घालून मी इतक्या वेळा हिशेब केला की आई म्हणाली, "जप करतीस का काय?"

पण कागदाला कोण विचारतं? तात्या तर नाहीच. तुमच्यासोबत मेंढरं राखून मग मागांच्या धंद्यात आलेले तुमचे दोस्त, त्यांचंच सूत आपल्याकडे सगळ्यात जास्त. त्यांनी नवीन यंत्राभोवती एक फेरी मारली, सगळं ऐकून घेतलं आणि एकच शब्द टाकला. "म्हंजी उष्टी वाफ." मी म्हटलं, तात्या, उष्टी कशी? "एकानं खाऊन झाल्यावर राहिलं ती उष्टंच की गं. तिच्यात दम ऱ्हातूय व्हय? माझा ताणा तसल्या वाफंवर न्हाई वाळायचा." आई आतून म्हणाली, "आवं भावजी, लेकराचं उष्टं खाऊन आया बारीक झाल्याचं ऐकलंय का कधी?" तात्या हसले, पण बधले नाहीत. शब्द गल्लीभर झाला. पोरीनं सायझिंग उष्ट्या वाफेवर चालवलंय म्हणे. मी चिडून चिडून सांगत सुटले, आणि मग एकदा तोंडातून तुमचा शब्द गेला. "उष्टी न्हाई तात्या, गरीब केलेली. अण्णा करायचे तशीच. त्यांच्या वाफेचा माज फुकट जायचा, माझ्या वाफेचा कामाला येतो." तात्यांनी वळून टर्बाइनकडे पाहिलं. "तुझा बा म्हणायचा खरा तसं," म्हणाले. "बरं. एक ताणा लावतो. पर लाईट गेल्यावर तुझं यंत्र चाललेलं ह्या डोळ्यांनी बघीन, तवाच फुडचं सूत. न्हाईतर इचलकरंजीला धाडतो."

त्यांच्यामागे बाकीचेही गेले असते, हे मला ठाऊक होतं. आईशी माझं आधीच ठरलं होतं, ही टर्बाइन चालली नाही तर शेड विकायची. घ्यायला माणूस तयारच होता, त्याला आत गोडाऊन करायचं होतं.

तात्या रोज येऊन ऑफिसात पंख्याखाली खुर्ची टाकून बसायला लागले. काचेतून समोर त्यांचा ताणा चाललेला. आणि अण्णा, तुम्हाला हसू येईल, लाईट जाईना. जन्मभर नको तेव्हा गेलेली लाईट, आता हवी तेव्हा जाईना. ढग आले, वारा सुटला, वायरमन समोरच्या खांबावर चढून उतरला, तरी नाही. काल ताणा संपत आला तेव्हा तात्या खुर्चीतून उठायला लागले. मी म्हटलं, बसा, मी बॉयलर बघून येते.

आणि लाईट गेली. ऑफिसातला पंखा बाहेरच्या लाईटवर आहे, तो थांबला. शेडमधले दिवे मंद झाले, यंत्राचा आवाज खाली बसला, आणि मग टर्बाइनने खालून जोर लावला तसे दिवे पुन्हा फुलले. यंत्र चाललं होतं. पंप चालला होता. ताणा सिलिंडरांवरून सरकत होता, अण्णा, कुणी रोलर उचलला नव्हता की कुणी धावत नव्हतं. मी मागून पळत आले तेव्हा तात्या यंत्रापाशी उभे राहून वाळलेल्या सुतावर हात फिरवत होते. मग त्यांनी मान वाकडी करून कानोसा घेतला.

"गेली न्हवं लाईट?"

"गेली की."

"मग पल्याडचं माग कसं वाजत्यात गं?"

भिंतीपलीकडे सगळी गल्ली खडाखडा वाजत होती. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा काढून धोतराला पुसला आणि म्हणाले, "सकाळी सूत धाडतो." आज सकाळी सूत आलं.

आई कालपासून येईल त्याला सांगतेय, कशी ऐनवेळी देवासारखी लाईट गेली. हे घरात ठेवलं तर तिच्या हाती पडेल, आणि पाठवायचं तर कुठल्या पत्त्यावर? तरी तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. मेन स्विच मी पाडला, अण्णा. पाडला तो एका झटक्यात. तात्या गेल्यावर मेन परत वर करताना मात्र आपली लाईट आणि बाहेरची लाईट एका लयीत येईपर्यंत थांबले, धक्का द्यायचा नसतो म्हणून, आणि तेव्हा तुम्ही मागे उभे असायला हवे होतात असं फार वाटलं.