उस्ताद कोण?

अक्सराय, ११ रबिउलआखिर, हिजरी ८७८

धाकट्या दुर्मुशला थोरल्याचा सलाम आणि पुष्कळ आशीर्वाद.

आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझी वहिनी गुलसुम म्हणते, इस्तंबूलला गेल्यापासून भाऊजींना तारखानाचं, आपल्या दही-गव्हाच्या वाळवणाचं, सार मिळालं असेल की नाही कोण जाणे. म्हणून यंदाच्या वाळवणाची पिशवी उंटवाल्या कराजाकडे दिली आहे. मेला वाटेत निम्मी फस्त करेल, तेव्हा बघून घे.

सुलतानाच्या नव्या महालातल्या गालिच्यांची लोकर रंगवायचं काम तुला मिळतंय, हे पत्रातून कळलं. तू लिहितोस, "दादा, त्या दिवशी चारचौघांत तू मला उस्ताद म्हणालास, त्या शब्दावर मी इथं दोन वर्षं काढली." ते वाचून मी जेवत्या ताटावरून उठलो.

हे पत्र इमामसाहेबांकडून लिहून घेणार होतो, पण लाज वाटली. अक्षर वेडंवाकडं आहे, चालवून घे.

सुलतानाला नवं जिंकलेलं इस्तंबूल गावोगावच्या कारागिरांनी भरायचं होतं. त्याच्या कारकुनानं यादी करताना चौकात विचारलं, "रंगाऱ्यांत उस्ताद कोण?" आपल्यात स्वतःला कुणी उस्ताद म्हणवून घेत नाही. मी मान खाली घालून म्हणालो, "मी कसला उस्ताद! खरा हात माझ्या धाकट्याचा." लोक म्हणाले, थोरला असावा तर असा! तू तर लाजून हसत होतास रे.

दुर्मुश, त्या यादीतल्या माणसांना घरदार सोडून जावं लागणार, हे मला आदल्या दिवशीच मेहुण्यानं सांगितलं होतं.

आणि अजून एक. तुझा लाल रंग दुसऱ्या धुण्यात उतरतो. माझा उतरत नाही, कारण तुरटी लावण्याआधी मी लोकर तीन दिवस कोंड्याच्या आंबट पाण्यात ठेवतो. तू वरचढ होशील म्हणून हे तुला मुद्दाम शिकवलं नाही. किती हलकट मी! आता महालात रंग उतरला तर मान तुझी जाईल.

म्हणून त्या लोकरीला हात लावू नकोस. आजारी पड, काहीही सोंग कर. मी कराजाच्या मागच्या तांड्याबरोबर निघतोय. कारकुनाला सांगेन, नाव चुकीचं लिहिलंत. त्यांनी मला ठेवून घेतलं, तर तू बायकामुलांना घेऊन घरी जा. नाही ऐकलं, तर रंग मी करेन, नाव तुझं राहू दे.

वेशीवर मला घ्यायला येऊ नकोस. आलासच, तर लगेच मिठी मारू नकोस. हे सगळं माझ्या तोंडून एकदा ऐकून घे, मग काय ते ठरव.

तुला स्वतःच्या जागी पाठवणारा
तुर्गुत